आधी कुणाला सांगायचं

घरी तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी एका जागी बसून जेवणंसुद्धा तिला जमायचं नाही, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं ते नाव. पुढे तिनं पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी नावही सुटलं नाही आणि सवयही.

डॉक्टरेट तिनं चुंबकांवर केली होती. लोखंडाच्या तुकड्यात असंख्य बारीक सुया आहेत असं समजा. प्रत्येक सुई फक्त शेजारणीकडे बघून तोंड फिरवते. तुकडा हळूहळू थंड करत नेला तर बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एका ठरावीक ठिकाणी सगळ्या सुया एकदम एका दिशेला वळायला लागतात. कुणी हुकूम दिलेला नसतो. हे वळणं नेमकं कधी होतं, त्याआधी काही चाहूल लागते का, या एका प्रश्नामागे तिची उमेदीची वर्षं गेली. मग शहराच्या वीज नियंत्रण केंद्रानं तिला बोलावलं. विजेचं जाळंही त्याच जातीचं. एक लाइन पडली, म्हणजे बंद झाली, की तिचा भार शेजारणीवर, ती पडली की दोघींचा तिसरीवर, आणि बघता बघता सगळं शहर अंधारात.

केंद्रातल्या इंजिनिअरांना ती सुरुवातीला पचली नाही. लाइन पडेल किंवा पडणार नाही असं ती कधी म्हणायचीच नाही; पडण्याची शक्यता इतके टक्के, असं म्हणायची. "आपल्या खात्यात टक्के घेणारे पुष्कळ पाहिले," एक ऑपरेटर म्हणाला होता, "टक्के सांगणाऱ्या या पहिल्याच." तेव्हापासून ती तिथं टक्केवाली बाई झाली.

ज्या दुपारची ही गोष्ट, त्या दुपारी ऊन नुसतं ओतत होतं. आठवडाभर तसंच चाललं होतं. एक मोठी लाइन दुरुस्तीसाठी बंद होती, दुसरी तापून लोंबकळायच्या बेतात होती, आणि शहरातली प्रत्येक खोली थंड करायच्या मागे प्रत्येक माणूस लागला होता. केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर मात्र सगळं हिरवं होतं. ऑपरेटर खुर्च्यांवर रेलून बसले होते. उभी होती ती एकटी भिंगरी. पडद्यापासून खिडकीपर्यंत जायची, परत यायची, आपल्या छोट्या पडद्यावर वाकून बघायची, पुन्हा खिडकीकडे.

"बाई, बसा की जरा," ऑपरेटर म्हणाला. "तुमच्याकडे बघून आम्हालाच चक्कर येते."

ती बसली नाही. तिच्या पडद्यावर एक बारीक रेघ थरथरत होती. कुठंतरी मोठा कारखाना सुरू झाला की जाळ्याला धक्का बसायचा, रेघ खाली जायची आणि परत जागेवर यायची. हे रोजचंच. पण आज ती परत यायला वेळ लावत होती. सकाळी जितका लावला त्याहून दुपारी जास्त, आणि जेवणानंतर त्याहूनही जास्त. याच चाहुलीवर तिनं इतकी वर्षं घालवली होती. कागदावर ती ओळखीची होती. समोर, खऱ्याखुऱ्या शहरावर, ती पहिल्यांदा बघत होती.

ती मुख्य अभियंत्यांच्या टेबलाशी गेली. निवृत्तीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. बोलायचं असलं की आधी चष्मा पुसायचा.

"सर, जाळं दमलंय."

त्यांनी चष्मा काढला. "लाल कुठं आहे ते दाखवा."

"लाल काहीच नाही. लाल होईल तेव्हा उशीर झालेला असेल. धक्का बसल्यावर ते जागेवर यायला वेळ लावतंय, आणि तो वेळ वाढत चाललाय." त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तशी ती म्हणाली, "माझ्या वडिलांची फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय, धाप किती लागते ते बघू नका, ती शमायला किती वेळ लागतो ते बघा. हे तसंच आहे."

"किती टक्के?" त्यांनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"असे दहा दिवस आले तर त्यांतल्या सात दिवशी सगळं कोसळेल."

"म्हणजे तीन वेळा मी लोकांची वीज उगाच तोडलेली असेल."

"हो."

"आणि आज त्या तिनांतला दिवस आहे की सातांतला?"

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

मुख्य अभियंता चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात पडद्यावर शहराच्या उत्तरेची एक छोटी लाइन पडली आणि लगेच परत आली. एरवी कुणी मान वर केली नसती. आज सगळ्यांनी भिंगरीच्या रेघेकडे पाहिलं. रेघ खाली गेली, आणि खालीच रेंगाळली. अखेर ती वर आली, तेव्हा ऑपरेटरनं रोखून धरलेला श्वास सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सोडला.

"भार कमी करा," मुख्य अभियंता म्हणाले. "पूर्व भागाला वीज नेणारे फीडर बंद करा. दवाखाने वगळून. दहा मिनिटांत."

ऑपरेटर भागांची नावं वाचायला लागला. भिंगरी ऐकत होती, आणि एका नावाशी तिचे कान टवकारले. तो तिच्या वडिलांचा भाग होता. तिथं तिसऱ्या मजल्यावर अण्णा दिवसभर नाकात नळी घालून बसायचे, आणि ती नळी ज्या यंत्राला जोडलेली होती ते भिंतीतल्या विजेवर चालायचं.

"काही म्हणायचंय का, बाई?" मुख्य अभियंत्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि बाहेरच्या बोळात जाऊन तिनं भावाला फोन लावला.

दादा त्या दिवशी नेमका अण्णांकडेच होता. "दादा, वीज जाणार आहे. दहा मिनिटांत. ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर लाव आणि अण्णांना तुझ्या दुकानात ने. तिकडे वीज राहील."

"अगं, पण किती वेळ जाणार आहे?"

"माहीत नाही. तू निघ. आणि दादा, कुणाला काही बोलू नकोस. मी फोन केला हे कळलं तर माझी धडगत नाही."

तिनं फोन खिशात टाकला आणि आत येऊन उभी राहिली. ठरल्या वेळी पूर्व भाग पडद्यावर काळा झाला. रेघ थोडी उसळली, मग शांत झाली. पुढचा धक्का बसला तेव्हा चटकन जागेवर आली. सगळ्यांनी सुस्कारे टाकले, कुणीतरी चहा मागवला. ऊन उतरल्यावर पूर्वेची वीज परत दिली गेली. काहीच घडलं नव्हतं. आणि काहीच घडलं नाही म्हणून, ते घडणार होतं की नव्हतं हे कधीच कळणार नव्हतं.

संध्याकाळी ती अण्णांकडे गेली. ते परत आपल्या खुर्चीत होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस; बसल्या जागी अजूनही पाय अधूनमधून ब्रेक शोधायचा. वहिनी स्वयंपाकघरात होती, दादा खिडकीशी तोंड फिरवून उभा होता. सगळं ठीक असताना घरात इतकं गप्प का, असं ती विचारणार तोच दाराशी शिवणवाल्या काकू आल्या. पाचव्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि अख्ख्या इमारतीचे कपडे शिवायच्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता, कपाळावर ओला रुमाल होता.

"बस, काकू," भिंगरी म्हणाली.

"बसत नाही. तुझ्या दादाला एक विचारायला आले." काकू दादाकडे वळल्या. "दुपारी तू अण्णांना घेऊन लिफ्टमधून उतरलास, तेव्हा मी कापडांचं गाठोडं घेऊन खाली उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, आणि मिटलंस. मी आत शिरले. दोन मजले चढले नाही तोच दिवे गेले. ऊन उतरेपर्यंत मी त्या पेटीत होते, बाबा. शेवटी शेवटी तर मला माझाच आवाज ऐकू येईना. तुला माहीत होतं का?"

दादानं बहिणीकडे पाहिलं. त्याला उत्तर द्यावं लागलंच नाही.

"असं होय," काकू म्हणाल्या. "तुला तुझ्या माणसाची काळजी, ते बरोबरच आहे. पण एक शब्द बोलला असतास तर काय जिभेला काटा टोचला असता?" आणि त्या जिन्यानं वर गेल्या. मधे एकदा थांबल्या, ते खाली ऐकू आलं.

अण्णा बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, "मला उचलायला घरात दोन माणसं होती. सिलिंडर होतं. तिला कोण होतं?"

"अण्णा, मी तुमच्यासाठी..."

"ते कळलं मला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मुख्य अभियंत्यांसमोर उभी राहिली. "सर, काल मी घरी फोन केला होता."

"मग?"

"मग, तो करायला नको होता."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "बाई, त्या खोलीत ज्याचं ज्याचं कुणी पूर्वेला होतं, त्या प्रत्येकानं फोन केला. मीही केला. माझी मुलगी डोक्याला रंग लावून पार्लरमध्ये बसली होती. तिला म्हटलं, धुऊन घे आधी."

भिंगरीला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही. "म्हणजे खबर दर वेळी फुटतेच. फक्त आपल्या लोकांत. मग सगळ्यांनाच का सांगत नाही?"

"एकदा सांगितलं होतं, तुम्ही यायच्या आधी. रेडिओवरून. पुढं काय झालं असेल?"

तिनं विचार केला, आणि तिला ते दिसलं. लोकांनी टाक्या भरायला पंप लावले असणार. घरं आधीच थंड करून ठेवली असणार. इस्त्र्या, धुलाईयंत्रं, सगळं एकदम. ज्या संकटाची सूचना दिली, ते सूचनेमुळंच आलं असणार.

"अर्धं शहर गेलं," मुख्य अभियंता म्हणाले. "तेव्हापासून आम्ही तोंड शिवून बसतो."

त्या दिवसापासून भिंगरीला चैन पडेना. घरी नवरा म्हणायचा, अगं, जेवताना तरी डोकं ताटात ठेव. ती घासाघासाला हिशेब करायची. इथंही सुयाच होत्या, फक्त लोखंडातल्या नव्हेत. एका घराला खबर लागली की ते पंप लावणार आणि शेजारच्या घराला सांगणार. ते घर पुढच्याला. खबर थोड्यांना दिली तर ती विझत जाईल. एका मर्यादेपलीकडे दिली की भडकेल. ती मर्यादा कुठं आहे? आणि भडकायला किती वेळ लागतो? तिनं संगणकावर खोटं शहर उभं केलं, खोटी घरं, खोटे शेजारी. आकडे भराभर यायला लागले, आणि एका दुपारी तिचं तिलाच जाणवलं की हे सगळं तिच्या अंदाजावर उभं आहे. खबर कळल्यावर माणूस काय करतो, हे तिनं एकाही माणसाला विचारलेलं नव्हतं.

ती काकूंकडे गेली. पाच मजले चढून; लिफ्टनं जायची तिला लाज वाटली.

काकूंनी दार उघडलं, तिला बघून मशीनवर परत जाऊन बसल्या. पण दार लावलं नाही.

"काकू, एक विचारू? त्या दिवशी तुला दहा मिनिटं आधी कळलं असतं, तर काय केलं असतंस? खरं सांग."

काकूंनी पाय थांबवला. "लिफ्टमध्ये गेले नसते."

"आणखी?"

"आणखी काय? पंप लावला असता. इस्त्री उरकून घेतली असती. आणि जिन्यात उभी राहून ओरडले असते, की बायांनो, दिवे चाललेत, काय करायचंय ते करून घ्या."

"सगळ्यांना?"

"मग? मी काय तुमच्यासारखी गुपचूप उतरले असते?"

भिंगरीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण ती उठली नाही. "त्यातच घोटाळा आहे, काकू," असं म्हणून तिनं सगळं समजावून सांगितलं. लाइनी, पंप, रेडिओवरची ती सूचना. काकू मशीनचा दोरा ओवत ऐकत होत्या.

"म्हणजे मी ओरडले असते तर शहर बुडालं असतं?"

"तू एकटी नाही. पण अशा पुष्कळ जणी ओरडल्या असत्या तर."

"आणि नाही ओरडले तर पेटीत कुणीतरी अडकणार." काकूंनी दोरा दातानं तोडला. "हे काही मला पटत नाही. पण खोटंही वाटत नाही. जा, खालच्या मजल्यांवरही विचार. ती चौथ्या मजल्यावरची तर आधी केस वाळवून घेईल बघ."

भिंगरीनं खालच्या मजल्यांवर विचारलं, मग शेजारच्या इमारतींत, मग सुट्टीच्या दिवशी दादाला बरोबर घेऊन पलीकडच्या गल्लीत. पहिल्या दिवशी दादा चार हात मागं चालत होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच दारं वाजवायला लागला. लोक हसायचे, वैतागायचे, कुणी वीज कंपनीचा राग तिच्यावर काढायचे, पण सांगायचे. कोण काय लावेल, कोण कुणाला सांगेल, सांगायला किती वेळ घेईल. ती एकेक उत्तर खोट्या शहरात घालत गेली आणि शहर हळूहळू बदललं.

मग ती मुख्य अभियंत्यांकडे गेली. "सर, दोनच प्रकारच्या लोकांना सांगायचं. लिफ्ट असलेल्या इमारतींच्या पहारेकऱ्यांना, आणि ज्या घरात कुणी यंत्रावर श्वास घेतंय त्यांना. खबर फुटणारच. पण तिला पसरायला वेळ लागतो. तेवढ्यात लिफ्ट रिकाम्या होतील, आणि ती भडकायच्या आत आपण भार काढलेला असेल. फार आधी सांगितलं तर भडकेल, फार उशिरा सांगितलं तर उपयोग नाही. दहा मिनिटं."

"आणि तुमचं गणित चुकलं तर?"

"तर या वेळी शहर आपण पाडलेलं असेल. मी."

त्यांनी चष्मा इतका वेळ पुसला की काच झिजेल असं तिला वाटलं. "बघू," ते म्हणाले. आणि तिसऱ्या वेळी ती टेबलाशी येऊन उभी राहिली तेव्हा म्हणाले, "चला, बघूच."

पुढची तापलेली दुपार यायला फार दिवस लागले नाहीत. रेघ पुन्हा रेंगाळायला लागली. मुख्य अभियंत्यांनी मान हलवली आणि निरोप गेले. भिंगरीनं फोन खिशातून काढून टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, पालथा ठेवला. अण्णांच्या घरालाही निरोप इतरांसारखाच मिळणार होता.

पहिली काही मिनिटं भार जागचा हलला नाही. मग वाढायला लागला. भार कसा वाढेल याची तिच्या गणितानं काढलेली रेघ पडद्यावर तुटक तुटक दाखवली होती. खऱ्या भाराची रेघ तिच्या अंगाला चिकटून चढत होती. ऑपरेटर म्हणाला, "बाई, बरोबर आलंय तुमचं." तो बोलेपर्यंत खरी रेघ तुटक रेघेच्या वर गेली. आणि थांबेना.

"हे काय?" मुख्य अभियंता उठून उभे राहिले.

"माहीत नाही."

"अजून तीन मिनिटं आहेत."

"तीन मिनिटं नाहीत आपल्याकडे. सर, आत्ता काढा. आत्ता!"

त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. "काढा," ते म्हणाले, आणि पूर्व भाग काळा झाला. रेघ कड्यावर आल्यासारखी थबकली, डगमगली, आणि मागे सरली.

लगेच फोन सुरू झाले. लिफ्ट रिकाम्या होत्या. एका इमारतीत मात्र एक बाप आणि त्याचं तान्हं मूल मधेच अडकलं. पण पहारेकरी निरोप हातात घेऊन दाराशीच उभा होता, त्यानं किल्ली लावून दोघांना बाहेर काढलं. अण्णा सिलिंडरवर घरीच राहिले आणि वहिनीशी पत्ते खेळत बसले. मुख्य अभियंत्यांनी भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. या केंद्रात त्यांनी कुणाच्या पाठीवर थाप मारलेली कुणाला आठवत नव्हती.

तिला मात्र ती लागलीच नाही. ती पडद्यावरच्या दोन रेघांमधल्या फटीकडे बघत होती. तेवढ्या फटीत सगळं शहर जाऊ शकलं असतं.

भार इतका का चढला, याचं कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. एका पहारेकऱ्यानं, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं, निरोप फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकला होता. शेजारी शेजाऱ्याला सांगेल असं भिंगरीनं धरलं होतं. इथं एक माणूस एका क्षणात शेकडो घरांचा शेजारी झाला होता. दारोदार फिरताना तिनं सगळं विचारलं होतं. तुम्ही ग्रुपवर टाकाल का, एवढंच विचारलं नव्हतं.

"मग दहा मिनिटं चुकीची?" मुख्य अभियंत्यांनी विचारलं.

"चुकीची."

"बरोबर किती?"

"माहीत नाही."

"पाच?"

"सर, पाच म्हटलं तर तुम्ही पाच धराल. मला खरंच माहीत नाही. परत विचारावं लागेल."

"लोकांना?"

"लोकांना."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या परत तापणार आहे म्हणतात."

तोवर ती निघालीही होती. दादाला फोन लावत जिना उतरली, आणि तो उचलायच्या आत रस्त्यावरच्या पहिल्या इमारतीची बेल वाजवून दाराशी अधीरपणे उभी राहिली.